वडाळ्याची मंडळी आणि सरकारदरबार

धर्मसंस्था आणि राज्यसंस्था एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्यात ही मागणी अमेरिकेत लावून धरणाऱ्यांत इव्हँजेलिकल बाप्टिस्ट आघाडीवर होते. कनेक्टिकट आणि मॅसॅच्युसेट्समध्ये काँग्रिगेशनल पंथाचे चर्च राजमान्य होते आणि त्याच्या खर्चासाठी कर गोळा होई. त्या व्यवस्थेने त्रासलेल्या डॅनबरीच्या बाप्टिस्टांनी राष्ट्राध्यक्ष जेफरसनना पत्र लिहिले. 1 जानेवारी 1802 रोजी जेफरसननी त्यांना दिलेल्या उत्तरातच धर्म आणि राज्य यांच्यामधल्या भिंतीची प्रसिद्ध कल्पना आहे. कनेक्टिकटने राजमान्यता 1818 मध्ये काढून घेतली, मॅसॅच्युसेट्सने 1833 मध्ये.

नगर जिल्ह्यात आलेले अमेरिकन मिशन मात्र बाप्टिस्टांचे नव्हते. ते होते कर घेणाऱ्या काँग्रिगेशनल पक्षाचे. 1810 मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी 1813 मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला. गव्हर्नर सर एव्हन नेपियन यांची सहानुभूती आणि त्याच वर्षीचा सनदी कायदा यांमुळे ते टिकले. याच कायद्याने कलकत्त्याला अँग्लिकन बिशप नेमण्याची सोयही केली आणि त्याचा वर्षाला 5,000 पौंड पगार हिंदुस्थानच्या महसुलातून ठरवला. मायदेशी राजमान्य असलेला पंथ इथे केवळ परवानगीवर जगू लागला. डॅनबरीच्या बाप्टिस्टांची जागा आता त्याच्या वाट्याला आली होती.

अहमदनगरला मिशनचे ठाणे 1831 मध्ये बसले. ज्ञानेश्वरीच्या लेखनामुळे सर्वांना ठाऊक असलेल्या नेवाशाच्या तालुक्यात त्याचे केंद्र झाले वडाळा. सॅम्युअल फेअरबँक यांनी तिथे दीर्घकाळ काम केले आणि परिसराला ‘वडाळा मिशन’ हे नाव चिकटले. काँग्रिगेशनल पद्धतीत प्रत्येक मंडळी, म्हणजे स्थानिक चर्च, आपला कारभार स्वतः पाहते आणि आपला पाळक स्वतः निवडते. वर बिशप नाही, त्यामुळे सरकारला हाताशी धरायला एकच एक धर्माधिकारीही नाही.

गावात मात्र धर्म आणि सरकार वेगळे काढणे सोपे नव्हते. या मंडळ्यांत बहुसंख्य महार आणि मांग समाजातले होते. महार हा सरकारी कामाचा वतनदार. निरोप पोचवणे, सारा पोचवणे, सरकारी अंमलदाराची सरबराई ही त्याची कामे, आणि त्याच वतनात गावच्या देवाच्या जत्रेतले मानही गुंतलेले. बाप्तिस्मा घेतल्यावर देवाचे काम सोडले, तर वतनाचे काय? 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतरामुळे मालमत्तेचा आणि वारशाचा हक्क जात नाही असे ठरवले होते. कागदावरचा हा आधार मोठा, पण पाणवठ्यावर तो चालत नसे. बाटलेल्याची गावकीतली जागा कायद्याने नव्हे, गावाने ठरवायची. कनिष्ठ वतने कायद्याने रद्द झाली ती थेट 1958 मध्ये.

इव्हँजेलिकलांची स्वतःची भूमिकाही सरळ नव्हती. कंपनीने देवस्थानांचा कारभार पाहू नये, यात्राकर घेऊ नये, म्हणून त्यांनी इंग्लंडमध्ये रान उठवले. 1833 मध्ये कंपनीच्या संचालकांनी तसा हुकूम काढला. ही विभक्ततेचीच मागणी होती. पण सरकारी पगारावरच्या पाद्र्यांविरुद्ध तितकाच गलका त्यांनी केला नाही. शाळांच्या बाबतीत तर हिशेब उघडच होता. 1854 च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान खुले केले. सरकारी तपासनीस फक्त लौकिक विषय पाहणार, धर्मशिक्षणाबद्दल विचारणार नाही, अशी सोय होती. मिशन शाळांनी ते अनुदान घेतले. मिशन आणि सरकार आणखी जवळ आले ते दुष्काळात: 1899-1900 च्या दुष्काळातल्या कामासाठी नगरचे मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद सुवर्णपदक दिले.

या जवळिकीचे ओझे वाटले ते ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांना, पण त्यांचा रोख सरकारपेक्षा मिशनच्या पगारी चौकटीवर अधिक होता. 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

राज्यघटनेने कलम 27 मध्ये एखाद्या धर्माच्या संवर्धनासाठी कर भरण्याची सक्ती नाकारली. डॅनबरीकरांच्या गाऱ्हाण्यामागे असाच कर होता. कलम 28 ने अनुदानित शाळेत धर्मशिक्षण ऐच्छिक ठेवले. त्यात वुडच्या तडजोडीची छाया दिसते. कलम 25 ने धर्मप्रसाराचा हक्क दिला. 1977 च्या स्टॅनिस्लाउस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यातून दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क वगळला.

पण 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने धर्म पुन्हा सरकारी कागदात आणला. अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला गेला. 1956 मध्ये शीख, 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. 1985 च्या सूसाई खटल्यात न्यायालयाने तो आदेश उचलून धरला. 2007 मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती सरकारने स्वीकारली नाही. 2022 मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. धर्माच्या या अटीमुळे महाराष्ट्रभर अशी कितीतरी कुटुंबे दिसतात, जी रविवारी उपासनेला जातात आणि जातीच्या दाखल्यावर ‘हिंदू महार’ किंवा ‘हिंदू मांग’ राहतात. पंथ मंडळीच्या नोंदवहीत आणि धर्म तहसीलच्या दप्तरात, अशी ही विभागणी आहे.