खुर्च्या कोणाच्या खात्यावर?

लोकसभा-विधानसभेच्या प्रचारात उमेदवाराच्या हिशेबनिसाकडे तीन रंगांच्या पानांची एक नोंदवही असते. पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबी पानांवर रोकड, पिवळ्या पानांवर बँक. प्रचारकाळात ती निदान तीन वेळा तपासणीला न्यावी लागते. निवडणूक आयोगाची पथके सभेचे चित्रीकरण करतात, जिल्ह्याच्या दरपत्रकावरून खुर्च्या, मंडप, ध्वनिक्षेपक यांचा हिशेब लावतात आणि स्वतःची ‘छाया नोंदवही’ ठेवतात. दोन्हींत तफावत निघाली की नोटीस. एवढा काटेकोरपणा आहे. पण ज्याच्या शब्दावर मांडववाल्याने उधारीत खुर्च्या धाडल्या, तो पक्षाचा तालुकाध्यक्ष या वहीत शोधूनही सापडत नाही.

हा गुंता जुना आहे. १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत दिल्ली सदर मतदारसंघातून काँग्रेसचे अमरनाथ चावला निवडून आले. हरलेले जनसंघाचे कंवरलाल गुप्ता न्यायालयात गेले. तेव्हा तिथली खर्चमर्यादा होती अवघी १०,००० रुपये. सभांचा खर्च पक्षाने केला, उमेदवाराचा त्याच्याशी काय संबंध, असा बचाव होता. ऑक्टोबर १९७४ मध्ये न्या. पी. एन. भगवती यांनी तो फेटाळला. पक्षाने केलेल्या खर्चाचा लाभ उमेदवार जाणूनबुजून उठवत असेल, तर त्या खर्चाला त्याची संमती आहे असेच धरावे लागेल. चावलांची निवड रद्द झाली. सरकारने त्याच महिन्यात वटहुकूम काढून लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमाला स्पष्टीकरण जोडले : पक्षाने किंवा हितचिंतकांनी केलेला खर्च उमेदवाराचा नव्हे. न्यायालयाने लावलेले दार इतक्या तत्परतेने उघडल्याची उदाहरणे आपल्याकडे फार नाहीत.

ते दार २००३ पर्यंत सताड उघडे राहिले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने सूट आक्रसली. आता ती मुख्यतः स्टार प्रचारकांच्या प्रवासापुरती आहे. नेत्याच्या सभेत उमेदवार मंचावर बसला किंवा त्याचे छायाचित्र झळकले, की सभेचा वाटा त्याच्या नावावर पडतो. फलकावर फक्त चिन्ह आणि पक्षाचे नाव असेल तर मात्र तो पक्षाचा सर्वसाधारण प्रचार. आणि पक्षाच्या खर्चाला मर्यादाच नाही. महाराष्ट्रात उमेदवाराला लोकसभेसाठी ९५ लाख, विधानसभेसाठी ४० लाख, गोव्यात ७५ आणि २८ लाख, पक्षाला कितीही.

पैसा येतो त्या बाजूलाही स्थानिक समिती अशीच अंधुक आहे. २०,००० रुपयांपर्यंतच्या देणगीदाराचे नाव आयोगाला कळवावे लागत नाही. २०१७ पासून करसवलत टिकवायची तर एकाकडून २,००० रुपयांवर रोख घेता येत नाही. पण बाजारपेठेत पावतीपुस्तक घेऊन फिरणाऱ्या कार्यकर्त्याला छोट्या रकमेच्या जास्त पावत्या फाडण्यात कसली अडचण? निवडणूक रोख्यांवर सहा वर्षे रान उठले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले, ते योग्यच झाले. पण रोखे वटत होते पक्षाच्या स्टेट बँकेतल्या अधिकृत खात्यात. तालुक्याची वर्गणी त्या वाटेने कधी गेलीच नव्हती.

आयोगाने २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या : खालच्या पातळीवरच्या शाखांचेही हिशेब ठेवले जातील हे पक्षाच्या खजिनदाराने पाहावे आणि मुख्यालयात एकत्रित हिशेब करावा. माझ्या मते गोम या ‘एकत्रित’मध्ये आहे. शेकडो तालुक्यांची जमा-खर्चाची वही एका बेरजेत विरघळते. अमेरिकेत संघीय निवडणुकीसाठी वर्षभरात ५,००० डॉलरहून अधिक देणग्या घेणाऱ्या स्थानिक पक्षसमितीला स्वतःच्या नावाने नोंदणी करून स्वतःचा अहवाल द्यावा लागतो. तिथला पैसा त्यामुळे सोवळा झाला असे नव्हे. निदान कोणत्या समितीकडे बोट दाखवायचे ते ठाऊक असते.

आपल्याकडे निकालानंतर ३० दिवसांत उमेदवार आपला हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे देतो, आणि नियमाप्रमाणे एक रुपया शुल्क भरून कोणीही तो पाहू शकतो. पक्ष आपले खर्चाचे विवरण विधानसभेनंतर ७५, लोकसभेनंतर ९० दिवसांत देतो. तालुका समितीचा स्वतंत्र हिशेब मागायला मात्र कोणतीच खिडकी नाही.