आईची जुनी पर्स : टाकू नका, तेलही चोळू नका

दिवाळीची आवराआवर सुरू होते आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यातून जुन्या साडीत गुंडाळलेली चामड्याची पर्स खाली येते. कडा चामड्याच्या वादीने विणलेल्या, झाकणावर उठावाची वेलबुट्टी, रंग थोडे उडालेले आणि कोपऱ्यात शाईचा डाग. सून सहज विचारते, "आई, ही टाकून द्यायची ना?"

सासूबाई पर्स हातात घेतात. "अगं, शाळेत नोकरीला लागले ना, तेव्हा पहिल्या पगारातून घेतली होती मी ही."

टाकण्याचा विषय तिथेच संपतो. पण सुनेच्या मनाला चुटपुट लागते. सासूबाईंना खूश करावे म्हणून रात्री ती पर्सची मागची बाजू ओल्या फडक्याने खसखसून पुसते आणि वर खोबरेल तेल चोळते. सकाळी पाहते तो काय, हिरवा-लाल रंग एकमेकांत मिसळलेला आणि चामडे काळपट, चिकट झालेले! नशिबाने पुढची बाजू अजून तशीच असते.

अशी घटना कोणत्याही घरात घडू शकते. जुन्या चामड्याचे जेवढे नुकसान वयाने होत नाही, तेवढे घाईघाईने केलेल्या देखभालीने होते. म्हणून हात लावण्यापूर्वी आपल्या हातात नेमके काय आहे, हे ओळखणे महत्त्वाचे.

पर्स ओळखावी कशी?

प्रथम ती खरोखर चामड्याची आहे का, ते पाहावे. रेक्झिन जुने झाले की त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालून कापड दिसते. चामड्याच्या फाटलेल्या कडेला मात्र बारीक तंतू दिसतात. काडी पेटवून पाहण्याचा जुना उपाय मुळीच करू नये. त्यात पर्सचीच हानी होते.

वर वर्णन केलेली पर्स शांतिनिकेतनच्या धाटणीची आहे. बंगालमध्ये शांतिनिकेतनजवळ रवींद्रनाथ टागोरांनी 1922 साली श्रीनिकेतन ही ग्रामविकासाची संस्था सुरू केली. तेथे चामड्याची ही कला रुजवण्यात त्यांचे पुत्र रथींद्रनाथ आणि सून प्रतिमादेवी यांचा मोठा वाटा होता. चामडे ओलसर करून त्यावर नक्षी उठवायची, हाताने रंग भरायचे आणि वादीने कडा विणायच्या, अशी ही पद्धत. पुढे अशा पर्स देशभरातल्या हस्तकलेच्या दुकानांत पोहोचल्या. या वस्तूंना आता भौगोलिक निर्देशनही मिळालेले आहे.

यासाठी वापरले जाणारे चामडे बहुधा मेंढीचे किंवा बकरीचे आणि वनस्पतींनी कमावलेले असते. दक्षिणेत असे चामडे कमावताना तरवडाची साल आणि हिरडा वापरण्याची जुनी परंपरा आहे. माळरानावर पिवळ्या फुलांनी बहरणारा हाच तो तरवड. हे चामडे पाणी आणि तेल चटकन शोषून घेते. त्यातच नक्षीतले रंग वरून भरलेले असतात, म्हणून ओले फडके लागताच ते पसरू शकतात. स्पिरिट किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावले तर ते निघूनच येतात.

बाजारातल्या बऱ्याचशा पर्स मात्र क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याच्या असतात. आतल्या बाजूची कापलेली कड पाहावी. मध्यभागी निळसर-करडी छटा दिसली तर ते बहुधा क्रोमचे चामडे. आरपार तपकिरी असेल तर वनस्पतींनी कमावलेले असण्याची शक्यता अधिक.

पर्स किती जुनी, हे शोधायला आतले खण चाचपावेत. एखादे नाणे, बसचे तिकीट किंवा दुकानाची पावती बरेच काही सांगून जाते. आण्यांची नाणी सापडली तर पर्स 1957 पूर्वीची, म्हणजे दशमान नाणी येण्याआधीची असू शकते. धातूच्या दातांची चेन जुनेपणाची खूण असली, तरी तेवढ्यावर विसंबू नये. अशा चेन आजही मिळतात. सर्वांत चांगला पुरावा घरातल्या फोटोंच्या अल्बममध्ये असतो. एखाद्या लग्नाच्या फोटोत ती पर्स कुणाच्या तरी हातात दिसतेच!

बुरशी आली असेल तर

पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या चामड्यावर पांढरी बुरशी येते. अशी पर्स इतर वस्तूंपासून लगेच वेगळी करावी. बाल्कनीत नेऊन, नाकातोंडाला फडके बांधून, मऊ कोरड्या ब्रशने बुरशी हलकेच झाडावी. घरात दम्याचा त्रास असलेल्यांनी हे काम करू नये. नंतर पर्स उघडी ठेवून दोन-तीन दिवस सावलीत, वारा लागेल अशी ठेवावी. उन्हात ठेवल्यास रंग उडतात आणि चामडे कडक होते. हेअर ड्रायर आणि इस्त्री तर लांबच ठेवावी.

बुरशी नसली तरी सफाईची रीत हीच. कोरडा मऊ ब्रश आणि स्वच्छ सुती फडके एवढे बहुतेक वेळा पुरते. बुटांचे पॉलिश लावू नये. त्याचा रंग नंतर साडीला लागतो. नक्षी नसलेली साधी पर्स कोरडी वाटत असेल तर चामड्याचे रंगहीन क्रीम अगदी थोडे घ्यावे आणि आधी तळाशी, दिसणार नाही अशा जागी लावून पाहावे.

बोटांना विटकरी भुकटी लागत असेल तर मात्र थांबावे. वनस्पतींनी कमावलेले चामडे हवेतील प्रदूषणाने आणि वयाने आतून खचले की अशी भुकटी सुटते. ते पुन्हा पूर्ववत होत नाही. तेलाने त्याचा चिखल होतो. अशी पर्स वापरू नये, मऊ कापडात जपून ठेवावी.

पितळी कडीभोवती हिरवा, मेणासारखा थर दिसला तर घाबरू नये. पितळेतील तांबे आणि चामड्यातील स्निग्ध पदार्थ एकत्र येऊन तो तयार होतो. दात कोरण्याच्या काडीला कापूस गुंडाळून तो कोरडाच काढावा. चिंच किंवा लिंबू लावू नये, त्याचे ओघळ चामड्यावर डाग पाडतात.

दुरुस्ती करताना

चेन बिघडली की ती पूर्ण बदलण्याची घाई होते. अनेकदा फक्त रनर सैल झालेला असतो आणि तो बदलला की काम भागते. उसवलेली शिवण मशीनवर घालू नये. सुई नवी भोके पाडते आणि जुने चामडे तिकिटासारखे त्या रेषेवर फाटते. त्याऐवजी जाणकार चर्मकाराकडे जावे. तो मेण लावलेला दोरा घेऊन जुन्याच भोकांतून हाताने शिवण घालतो. "जुनी भोकेच वापरा आणि वर रंग लावू नका," एवढे आधीच सांगावे. वादी तुटली असेल तर तेवढाच तुकडा बदलून घ्यावा. अस्तर फाटले असेल तर घरच्या जुन्या सुती साडीचे अस्तर छान बसते. या कामाला वेळ लागतो. मजुरी सांगितली की "एवढ्यात नवी येईल" असे म्हणून घासाघीस करू नये. नवी पर्स दुकानात मिळेल, हा हात सगळीकडे मिळत नाही.

पर्स परत ठेवताना आत मऊ सुती कापड किंवा कोरा पांढरा कागद भरावा, म्हणजे आकार टिकतो. वर्तमानपत्राची शाई अस्तराला लागते. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते, म्हणून बाहेरून मलमलच वापरावी. पावसाळ्यात मधूनमधून पर्स उघडून वारा द्यावा.

आणि सुनेने काळी केलेली ती मागची बाजू? ती आता तशीच राहणार. वरवरचे तेल कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे आणि पुढे काही करू नये, हेच शहाणपणाचे. पुढची बाजू मऊ ब्रशने झाडली जाते, वादीचा तुटका तुकडा चर्मकार बदलून देतो. शाईच्या डागाकडे पाहून सून विचारते, "आई, हा काढायचा का?"

"नको गं. पेपर तपासताना पेन गळलं होतं. तो माझा डाग आहे," सासूबाई म्हणतात आणि पर्स उलटी करतात. "आणि हा तुझा."

दोघी हसतात. भाऊबीजेला सासूबाई माहेरी निघतात, तेव्हा ती पर्स त्यांच्या हातात असते. आत फक्त रुमाल आणि चष्मा, जड काही नाही.