आजोळचा ताबा आणि कायदा

मोडनिंबच्या या सभेत मघाशी एक चिठ्ठी आली. बाप दारूच्या पायी वाया गेलेला, आई परागंदा. नातू चार वर्षं आजीकडे, आणि आता बाप पोरगं मागतोय.

आजीबाई, स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलंय एवढ्यानं भागत नाही. पालक नेमतं ते न्यायालय. 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा, तोही मूल नेहमी राहतं तिथल्या. म्हणजे बाप पुण्याला असला तरी अर्ज आपल्या सोलापूर जिल्ह्यातच.

खरी अडचण कलम 19 ची. आईबाप हयात आहेत आणि न्यायालयाच्या मते अपात्र नाहीत, तर दुसरा पालक नेमता येत नाही. म्हणून नुसतं ‘पितो’ म्हणून चालत नाही; मारहाणीची तक्रार, दवाखान्याचे कागद, शाळेत पालक म्हणून कोण जातं, हे दाखवावं लागतं. मूल जाणतं असेल तर न्यायाधीश त्याचंही म्हणणं विचारात घेऊ शकतात.

माया हा पुरावा नव्हे, हे कडू आहे. पुण्यातल्या एका प्रकरणात आई कर्करोगानं गेली, मूल मावशीनं सांभाळलं. तरी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ताबा बापालाच दिला. तो अपात्र नव्हता ना! मावशीकडच्यांना भेटीची मुभा मात्र ठेवली. तुमचं प्रकरण वेगळं आहे. पण ते वेगळेपण कागदावर आणावं लागेल.