विश्लेषण : गेम बंद पडला, तर त्यात बांधलेल्या घराचे काय?

ऑनलाइन गेममध्ये महिनोन्महिने खपून बांधलेले घर गेम बंद पडल्यावर कुठे जाते? अमेरिकेतील ‘लँडमार्क’चे उदाहरण बोलके आहे. २०१३ मध्ये घोषणा झालेल्या या गेममध्ये खेळाडू मनासारख्या इमारती उभारत. त्यांतील निवडक रचना ‘एव्हरक्वेस्ट नेक्स्ट’ या जोडीच्या गेममध्ये वापरण्याची योजना होती.

२०१५ मध्ये सोनीने हा स्टुडिओ विकला. नव्या ‘डेब्रेक’ कंपनीने मार्च २०१६ मध्ये ‘नेक्स्ट’ रद्द केला. ‘लँडमार्क’ जूनमध्ये बाजारात आला खरा. पण २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्व्हर बंद झाले आणि त्यांवरची बांधकामेही गेली.

‘माइनक्राफ्ट’मध्ये एकट्याने खेळताना उभारलेले जग मात्र स्वतःच्या उपकरणातच साठवता येते. त्यामुळे पहिली वीट रचण्याआधीच बांधकाम कुठे साठते, हे पाहावे.