डॉक्टर विचारतील तेव्हा टीबी लपवू नका

आयसीयूत माझी रात्रपाळी होती. पन्नाशीचे एक दादा हार्ट अटॅकने दाखल झालेले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं, तासाभरात छातीतली कळ थांबली. पहाटे मात्र खोकला सुरू झाला, धाप लागली. वहिनींनी पदराने त्यांचं तोंड पुसलं आणि पदर मुठीत धरला.

"काही नाही सिस्टर, पान खाल्लं असेल."

आयसीयूत पान कुठून येणार? मूठ उघडली, तर लाल फेस. मग कळलं, 12 वर्षांपूर्वी दादांना टीबी झाला होता, तेव्हाही थुंकीतून रक्त पडायचं. दाखल करताना विचारलं होतं. पण मुलीची सोयरीक चालू, म्हणून 'नाही' सांगितलं. विहारात दर रविवारी आपण भेटतो, तिथेही टीबीचं नाव अजून दबक्या आवाजातच निघतं!

स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज ही इंजेक्शनं फक्त हृदयात काम करत नाहीत. ती रक्तातून अंगभर फिरतात. जिथे जुनी इजा असेल तिथून रक्त येऊ शकतं. जोडीला ॲस्पिरिन, हेपारिन असतंच. मेंदूत रक्तस्राव शंभरात साधारण एकाला होतो. फुप्फुसात त्याहून क्वचित, पण तो फसवा. कधी थुंकीत रक्त दिसतच नाही. नुसती धाप वाढते, ऑक्सिजन उतरतो, हिमोग्लोबिन घटतं. न्यूमोनिया किंवा छातीत पाणी झालं असंच वाटतं. म्हणून इंजेक्शननंतर खोकला, धाप, लाल थुंकी, काहीही दिसलं तरी लगेच सिस्टरला हाक मारा.

घाबरून इंजेक्शन नाकारू मात्र नका. जिथे अँजिओप्लास्टी वेळेत होत नाही, तिथे तेच जीव वाचवतं. दुखणं सुरू झाल्यापासून 12 तासांच्या आत द्यावं लागतं, पहिल्या दोन-तीन तासांत गुण सर्वांत जास्त. जुना टीबी सांगितला म्हणून उपचार बंद होत नाहीत. डॉक्टर तोलून ठरवतात. लकवा, अल्सर, डोक्याचा मार, नुकतंच झालेलं ऑपरेशन, रक्त पातळ करायची गोळी, हेही सांगा. आणि छातीत दुखलं की गल्लीतल्या दवाखान्यात कंबरेत सुई टोचून घेऊ नका. पुढे गुठळीचं औषध दिलं तर त्या जागी रक्त साकळतं. सरळ 108 ला फोन करा.

दादांचं हेपारिन थांबवलं, ऑक्सिजन लावला, रक्त चढवलं. नवव्या दिवशी ते घरी निघाले. स्ट्रेप्टोकायनेज एकदा घेतलं की सहसा पुन्हा देत नाहीत, म्हणून डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनचं नाव आणि तारीख लिहून घ्यायला मी सांगितलं. शेजारी उभी असलेली मुलगी म्हणाली, "डॉक्टर, बाबांचा टीबी पण लिहा."