विजेचा घरगुती हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)



गेल्या पौषांतली गोष्ट. आमच्या सेवाग्रामास त्या दिवसांत पहांटे चांगलाच गारठा असतो. स्नानासाठीं पाणी तापवावें म्हणून मीं बादलींत विजेची सळई सोडली, बटण दाबलें आणि वर्तमानपत्र वाचीत बसलों. थोड्या वेळानें स्वयंपाकघरांतून प्रश्न आला, "अहो, हा जळका वास कसला येतो?" उठून पाहतों तों भिंतीवरील सॉकेटाभोंवतीं तपकिरी डाग पडलेला आणि प्लगची एक पितळी दांडी काळवंडलेली. सळई शाबूत होती, पाणीहि तापत होतें, आणि फ्यूज उडाला नव्हता. मग जळलें तें काय? आणि राखणीस ठेविलेला फ्यूज स्वस्थ कां बसला? या प्रश्नांचें उत्तर मीं शाळेंत वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलेल्या दोन ओळींत होतें; तें घरीं मांडून पाहण्याचें मात्र मला कधीं सुचलें नव्हतें. तेंच आज आपणांपुढें मांडतों.

वीज ज्या जोरानें तारेंतून ढकलली जाते तो दाब. त्याचें माप व्होल्ट. दर सेकंदास जेवढी वीज वाहते तो प्रवाह. त्याचें माप अँपिअर. वाटेंत प्रवाहास जो अडथळा होतो तो रोध. त्याचें माप ओहम. गच्चीवरील पाण्याची टाकी डोळ्यांपुढें आणावी. टाकी जितकी उंच तितका दाब अधिक. नळी जितकी अरुंद तितका रोध अधिक आणि धार बारीक.

या तिहींचा संबंध गेऑर्ग ओहम नांवाच्या एका जर्मन शिक्षकानें शोधून काढला. कोलोन येथील शाळेंत शिकवीत असतां त्यानें प्रयोग केले आणि १८२७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. प्रथम स्वदेशीं त्याची उपेक्षाच झाली. १८४१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास कॉप्ले पदक दिलें. त्याचा नियम एका ओळीचा आहे: दाबास प्रवाहानें भागिलें म्हणजे रोध निघतो. दुसरी ओळ शक्तीची: दाबास प्रवाहानें गुणिलें म्हणजे शक्ति निघते, तिचें माप वॉट.

आतां माझी सळई घेऊं. तिच्यावर १५०० वॉट व २३० व्होल्ट असे आंकडे छापलेले आहेत. १५०० ला २३० नें भागिलें कीं प्रवाह आला सुमारें ६.५ अँपिअर. पुन्हां २३० ला ६.५ नें भागिलें कीं रोध आला सुमारें ३५ ओहम. माझें सॉकेट मात्र जुनें, ५ अँपिअरचें! सळईवरचे दोन आंकडे वाचून एक भागाकार केला असता, तर ही चूक त्याच क्षणीं कळली असती.

दुसरा दोष सॉकेटाच्या पोटांत होता. आंतला एक स्क्रू ढिला झाला होता. ढिल्या सांध्यांत धातूस धातु थोड्याच ठिकाणीं टेकतो. म्हणजे नळी तेथें अरुंद झाली. समजा, त्या जागीं केवळ अर्धा ओहम रोध उत्पन्न झाला. वरील दोन ओळी एकत्र केल्या म्हणजे तिसरी निघते: प्रवाहास प्रवाहानें गुणावें आणि त्या गुणाकारास रोधानें गुणावें; शक्ति येते. रोध वाढल्यामुळें प्रवाह किंचित् उतरून ६.४ अँपिअर झाला असें धरूं. ६.४ गुणिले ६.४ गुणिले अर्धा, म्हणजे सुमारें २० वॉट. आंकडा क्षुल्लक वाटतो. परंतु डाख देण्याची लहान विजेची सळई २५ वॉटची असते, आणि तेवढ्यानें डाखाचा धातु वितळतो. बादलींतील १५०० वॉटांची उष्णता पाणी शोषून घेतें. हे २० वॉट तुरीच्या दाण्याएवढ्या जागेंत, कोरड्या भिंतींत कोंडले गेले होते.

आतां फ्यूजचें कोडें सुटतें. प्रवाह मर्यादेबाहेर वाढला तरच फ्यूज वितळतो. येथें तर ढिल्या सांध्यानें प्रवाह घटला होता! म्हणून फ्यूज शाबूत आहे तेव्हां सर्व ठीक आहे, ही समजूत धोक्याची होय.

हा हिशेब सळई, इस्त्री, शेगडी अशा उष्णता देणाऱ्या उपकरणांस बिनचूक लागतो. पंखा व पंप यांत मोटार असते. तेथें दाब व प्रवाह यांच्या गुणाकाराहून प्रत्यक्ष शक्ति कांहींशी कमी भरते, एवढें ध्यानांत ठेवावें.

१९३७ सालीं वर्ध्यास शिक्षणपरिषद भरली आणि पुढें सेवाग्राम हें नई तालीमचें केंद्र झालें. सूत कातावें, मोजावें आणि त्यांतूनच गणित शिकावें, हा त्या शिक्षणाचा मार्ग. त्याच गांवांत राहून माझें विजेचें गणित फळ्यावरच राहिलें, याची मला लाज वाटली.

आपण तसें होऊं देऊं नये. आज घरांतील प्रत्येक उपकरणावरचे वॉट पाहून २३० नें भागावें. उत्तर ५ च्या जवळ वा पुढें गेलें, तर जाड तारेचें १६ अँपिअरचें सॉकेट बसवून घ्यावें. काम झाल्यावर बटण बंद करून प्लग काढावा व त्यास हात लावून पाहावा. ऊन लागला तर वायरमनास बोलवावें. मुलांना हा भागाकार करावयास बसवावें. त्यांचें गणितहि पक्कें होईल आणि घरहि सुरक्षित राहील.