पाऊस आला आणि चित्र गेलें

सोलापूरकरांस पावसाची वाट पाहण्याची संवय आहे. आभाळ भरून आलें कीं घरांतील लहानथोर आनंदतात. परंतु नेमकें तेव्हांच दूरचित्रवाणीवरील चित्र चौकोनाचौकोनांनीं फुटतें व नाहींसें होतें. मग कोणी तरी छत्री हालवावयास गच्चीवर धांवतो. विजा चमकत असतां ही धांव धोक्याची, आणि आमच्या मतें व्यर्थही आहे. छत्री जागच्या जागीं असते. वाट अडते ती वर.

उपग्रह सुमारें ३६,००० किलोमीटर दूर असला तरी खरी अडचण शेवटच्या पांचसहा किलोमीटरांतच येते. छत्रीकडे येणारी लहर सुमारें अडीच सेंटिमीटर लांबीची. पावसाचे थेंब तिची कांहीं शक्ति शोषून घेतात, कांहीं उधळून देतात. तासाला ५० मिलिमीटर या जोराच्या पावसांत दर किलोमीटरास सुमारें ४० टक्के शक्ति जाते. असे चार किलोमीटर ओलांडतांना जेमतेम आठवा हिस्सा उरतो. म्हणजे वर्षाचा एकूण पाऊस किती, हा प्रश्न येथें गैरलागू. अवर्षणाच्या मुलखांतही वळवाचीं दहा मिनिटें पुरतात.

तीं दहा मिनिटें मोजावीं कशीं? अंगणांतील पर्जन्यमापक आपल्यापुरतेंच पाहतें. डीडी फ्री डिशची छत्री मात्र सोलापुरांत आग्नेयेस, सुमारें ६० अंश वर रोखलेली असते. त्या तिरप्या वाटेवर अडीच किलोमीटर पलीकडे ढग कोसळत असला, तर अंगण कोरडें राहूनही चित्र जातें! ही सबंध वाट दिसते ती रडारला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनें २०१८ व २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापुरास कृत्रिम पर्जन्याचे प्रयोग केले, तेव्हां ढगांवर नजर ठेवण्यास असेंच रडार येथें होतें.

रडारचीही फसगत होते. दुप्पट व्यासाचा एक थेंब चौसष्ट लहान थेंबांइतका प्रतिध्वनि देतो. त्यामुळें मोजके टपोरे थेंब मुसळधारेचा आव आणतात. मार्शल व पामर यांनीं १९४८ सालीं थेंबांच्या आकारांचें प्रमाण बसवून दिलें, पण वळीव त्या प्रमाणाला कोठला जुमानतो! म्हणून सोलापूरचें रडार आडव्या व उभ्या अशा दोन्ही लहरी वापरी. मोठा थेंब पडतांना चपटा होतो, आडवी लहर अधिक परतते, आणि त्या तफावतीवरून थेंबाचें आकारमान कळतें. त्यावरून पावसाचा जोर व लहरीची हानि यांचा पुष्कळ बरा अंदाज बांधतां येतो.

असा अंदाज हातीं आल्यास भूकेंद्र प्रक्षेपणाची शक्ति वाढवूं शकतें, किंवा दूरच्या कोरड्या केंद्राकडे काम सोपवूं शकतें. घरच्या छत्रीला यांतील एकही सोय नाहीं. आमच्या घरीं आतां चित्र गेलें कीं आधीं आग्नेयेकडील खिडकी उघडतात.